खोक्यावरचे नंबर

बुधवार, ८ फेब्रुवारी २००६. सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी साखर कारखान्याच्या वीजघरातलं टर्बाइन ठरलेल्या वेगाच्या पुढे गेलं आणि आपोआप थांबलं नाही.

बाहेरची वीजवाहिनी अचानक बंद पडली होती. मशीनवरचा भार एका झटक्यात गेला आणि वाफ मात्र येत राहिली. एरवी ते मशीन मिनिटाला ६८०० फेरे घ्यायचं. ७४८० ला वाफ आपोआप बंद व्हायला हवी होती. वेग ७६९० पर्यंत चढला. जोतिराम सूळ नावाचा फिटर तेलाची पातळी बघायला मशीनच्या तोंडाशी उभा होता. त्याने समोरचं लाल बटण हाताने दाबलं. वाफ तुटली. मागे पळताना तो घसरला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. आणखी दहा-पंधरा सेकंद गेली असती तर मशीनची पाती वीजघराच्या भिंती फोडून बाहेर आली असती. आत चार माणसं होती.

वेगावर नजर ठेवायला त्या मशीनला तीन मोड्यूल होती. कारखान्यात त्यांना कार्डच म्हणत. तीनपैकी दोन कार्डांनी ‘वेग जास्त’ असं सांगितलं तरच वाफ बंद होते. एखादं कार्ड चुकलं म्हणून उगाच मशीन थांबू नये, यासाठी ही सोय. त्या दिवशी एक नंबरच्या कार्डाने सांगितलं. दोन आणि तीन नंबरची गप्प राहिली.

ही तिन्ही कार्डं पाच महिन्यांपूर्वी मी बसवली होती. आधीची चौदा वर्षं जुनी झाली होती. पुण्याच्या ज्या कंपनीने नवी पुरवली, तिची मी सर्व्हिस इंजिनिअर होते. वय सत्तावीस. काम पूर्ण झाल्याच्या रिपोर्टवर माझी सही होती.

दुपारी चिरमुले सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते सर्व्हिस विभागाचे प्रमुख.

“उद्या सकाळी पोच. दोन आणि तीन नंबर काढ, नंबर बघ, आणि पाचच्या आत रिपोर्ट फॅक्स कर. विमा कंपनीचा माणूस परवा येतोय, त्याच्या आधी आपला कागद त्यांच्याकडे हवा.”

“सर, सप्टेंबरमध्ये तिन्ही कार्डं टेस्ट झाली होती.”

“मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो, नंबर बघ. गाळपाच्या सीझनमध्ये लोक काय वाट्टेल ते करतात.”

कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. प्रकरण अजून कोर्टात आहे. सोलापूर जिल्ह्यातला, सहकारी. गुरुवारी सकाळी साडेनऊला मी तिथे पोचले. मुख्य अभियंता फडतरे साहेब गेटवरच उभे होते. सप्टेंबरात याच माणसाने मला जेवायला घरी नेलं होतं.

“चहा नंतर घ्या मॅडम. आधी कार्डं.”

कंट्रोल रूममध्ये अंकुश खटकाळे थांबला होता. इन्स्ट्रुमेंट विभागाचा टेक्निशियन, चाळिशीचा, बारा वर्षं त्याच पॅनलवर. सप्टेंबरात आठ दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं होतं. मी दिसले की तो हसायचा. आज हसला नाही.

“या पॅनलची किल्ली कोणाकडे असते?” फडतरे साहेबांनी मला ऐकू जावं म्हणून विचारलं.

“माझ्याकडं.”

“दुसरी?”

“दुसरी न्हाई, साहेब. तुमालाबी ठाऊक हाय.”

“मॅडमना ठाऊक असू दे.”

पॅनल उघडलं. मी दोन नंबरचं कार्ड ओढून काढलं आणि आडवं धरलं. कार्डाच्या बाजूला, पट्टीवर, कंपनीचा नंबर चिकटवलेला असतो. कार्ड जाग्यावर बसलं की तो दिसत नाही. दोन नंबरच्या बाजूला नंबर नव्हता. वाळलेल्या गोंदाचा एक चौकोन होता. तीन नंबरचंही तसंच. एक नंबरवर नंबर होता आणि तो माझ्या रिपोर्टमधल्या नंबरशी जुळत होता.

फडतरे साहेबांनी माझा सप्टेंबरचा रिपोर्ट टेबलावर उघडून ठेवला होता. त्यांनी बोट ठेवलं.

“इथे तीन नंबर लिहिलेत. सही तुमची. एक जुळतो, दोन गायब. म्हणजे तुम्ही बसवली ती ही कार्डं नव्हेत. मधल्या काळात कोणीतरी बदलली. बरोबर?”

“असं दिसतंय खरं.”

“दिसतंय म्हणजे? आहे की नाही?”

अंकुश माझ्याकडे बघत होता.

“आमची जुनी तीन डिसेंबरात भंगारात गेली,” फडतरे साहेब म्हणाले. “ट्रक कोणी भरून दिला? यानंच. दोन मागे ठेवायची, नवी दोन काढून बाहेर द्यायची, जुनी आत सारायची. किल्ली एकच.”

“साहेब, मशीनजवळ जोतिराम हुता,” अंकुश म्हणाला. “माझ्या चुलत्याचा जावई हाय त्यो. मी त्याला मारायला निघालो हुतो का?”

“ते पोलिसांना सांग.”

“सांगतो की. पन एक मॅडमपुढं सांगतो. संक्रांत झाल्यावर दोन नंबरचा आकडा मागं राहायला लागला. बाकीचे दोन ६८१० म्हणत्यात, तर हे ६७९०. मी पुण्याला फोन लावला. चिरमुले साहेबांशी बोललो. ते म्हणले, सीझन संपू द्या, मग बघू.”

“मला कोणी काही सांगितलं नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं.

“मलाही नाही,” फडतरे साहेब म्हणाले. “अचानक आज आठवलं याला.”

मी सिग्नल जनरेटर जोडला. हे यंत्र कार्डाला खोटा वेग दाखवतं. टर्बाइन न फिरवता कार्डाची परीक्षा घेता येते. दोन नंबर नीट चाललं. ७४८० ला ट्रिप झालं, म्हणजे वाफ तोडायचा इशारा दिला. फडतरे साहेबांनी सुस्कारा टाकला. मी अंकुशला हेअर ड्रायरसारखं गरम हवेचं यंत्र आणायला सांगितलं, कार्डाच्या मागच्या बाजूला दहा मिनिटं हवा सोडली आणि पुन्हा वेग चढवला. आकडा ७१२० वर अडकला. मी चढवत राहिले, आकडा हलेना. चार सेकंद, पाच सेकंद. मग एकदम उडी मारून ७७०० दाखवलं. तीन नंबरचंही तेच झालं.

जुनी कार्डं बदलण्याचं कारण हेच होतं. थंड असताना ती शहाण्यासारखी वागतात. महिनोन्महिने तापली की अडकतात. सप्टेंबरात कारखाना बंद असतो, खोली गार असते.

“म्हणजे जुनीच,” फडतरे साहेब म्हणाले.

“जुनीच,” मी म्हणाले.

“लिहा मग.”

जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्यात जाऊन आले. जोतिरामच्या खांद्याला पट्टा होता. बायको डबा घेऊन बसली होती.

“तुमीच काय त्या कार्डवाल्या बाई?” तो म्हणाला. “आवो, मशीन असं वरडलं, मला वाटलं अंगात आलं त्याच्या. नारळ नव्हता हाताशी, म्हनून बटन दाबलं.”

बायको म्हणाली, “गप बसा. हसायची येळ हाय व्हय?”

“आता हसू न्हाई तर कवा? काल ऱ्हायलो असतो व्हय हसायला?” मग तो गंभीर झाला. “बाई, अंकुशवर घालायलेत म्हनं. त्यो बिडी वडताना ठिणगी पडंल म्हनून हातात राखंचा डबा घिऊन फिरनारा मानूस हाय. एवढं ध्यानात ठिवा.”

नातेवाईक आहे म्हणून बाजू घेतोय, असं मला वाटलं. त्या दिवशी मला सगळ्यांबद्दल काही ना काही वाटत होतं.

दोन वाजता मी पुन्हा टेबलाशी बसले. दोन्ही कार्डं समोर होती. रिपोर्टसाठी त्यांचं वर्णन लिहायचं म्हणून मी दोन नंबरचं कार्ड खिडकीकडे धरलं. पुढच्या, बाहेरून दिसणाऱ्या पट्टीवर कंपनीचं निळं लेबल होतं, अगदी नवं. गरम हवेने त्याचा खालचा कोपरा सुटला होता. मी नखाने आणखी उचललं. खाली दुसरं लेबल होतं, जुन्या पद्धतीचं, आणि त्याच्यावर लाल-पिवळा डाग. बोटाएवढा. मी पूर्ण लेबल सोललं. हळदीवर कुंकू, त्यावर परत हळद, परत कुंकू. थरावर थर, वाळून तडकलेले. तीन नंबरवरही तेच निघालं.

“अंकुश, इकडे या.”

तो आला. वाकून बघितलं. बोट लावलं नाही.

“खंडेनवमीचं हाय हे,” तो म्हणाला.

“तुम्ही दरवर्षी पूजा करता ना पॅनलची?”

“करतो की. पन दाराला. आत न्हाई.” त्याने पॅनलचं दार अर्धवट लोटलं. बाहेरच्या बाजूला, हँडलच्या वर, कुंकवाचं मोठं बोट होतं आणि सुकलेल्या झेंडूची एक पाकळी चिकटली होती. “फडतरे साहेबांच्या आधी भांगे साहेब हुते. लई कडक. पैल्याच वर्षी म्हणले, देवाला दारातनं नमस्कार करा, आत पावडर उडाली तर मी तुमची पूजा घालीन. तवापास्नं आत कुंकू जात न्हाई. बगा तुमी.”

मी बघितलं. टॉर्च घेऊन सगळ्या खोबणी बघितल्या, इतर कार्डांच्या पट्ट्या बघितल्या. कुठेही लाल कण नव्हता. एक नंबरचं कार्ड स्वच्छ होतं. पॅनलच्या तळाशी बारीक बगॅस, उसाचा भुसा, साचला होता, पण कुंकू नाही.

“मग हे कुठलं?” मी विचारलं.

“दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यातलं. जिथं एकेका कार्डाला टिळा लावत्यात. मॅडम, माझ्याकडं दुसऱ्या कारखान्याची कार्डं कुठनं यायची? जुनी कार्डं गावोगावची कोनाकडं जमा हुत्यात?”

ते मला माहीत होतं. कार्डं बदलली की बरेच कारखाने जुनी कार्डं आमच्याच कंपनीला परत देत. पुण्याच्या स्टोअरमध्ये एका कपाटात ती रचून ठेवलेली मी पाहिली होती. दुरुस्तीसाठी, असं सांगायचे.

मी फडतरे साहेबांना बोलावलं. त्यांनी डाग बघितला, अंकुशचं ऐकलं आणि म्हणाले, “कुंकू आहे की रेड ऑक्साइडचा रंग, हे तुम्ही ठरवणार का मॅडम? आणि भांगे साहेब वारले. त्यांना कुठे विचारायला जाऊ?” तरी बाहेर पडताना दार त्यांनी हळू लावलं.

तीन वीसला मी ऑफिसमधल्या फोनवरून पुण्याला बोलले. चिरमुले सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते कधीच मध्ये बोलत नसत.

“अंकुश म्हणतो त्याने जानेवारीत तुम्हाला फोन केला होता.”

“माझ्याकडे दिवसाला चाळीस फोन येतात. नोंद नाही.” मग म्हणाले, “बरं, मला एक सांग. कार्डांवर डाग निघाला, ठीक आहे. म्हणजे ती आपल्याकडून गेली असं तुझं म्हणणं?”

“शक्यता आहे सर.”

“पण तुझ्या रिपोर्टमध्ये तिन्ही नव्या कार्डांचे नंबर आहेत. सप्टेंबर तेवीस. तू ते नंबर बघून लिहिलेस ना?”

“हो.”

“कार्डावर बघून?”

“हो सर,” मी म्हणाले.

“मग झालं तर. तू नवी कार्डं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बसवलीस. आज तिथे जुनी आहेत. मधे किल्ली एका माणसाकडे होती. एवढंच लिही. डागाचं आपण इथे लॅबमध्ये बघू. कार्डं तू घेऊन ये.”

फोन ठेवून मी बसून राहिले.

मी नंबर कार्डांवर बघितले नव्हते. सर्व्हिसला जाणारं कोणीच बघत नसे. तीन खोकी यायची, खोक्यावर नंबर छापलेला असायचा. कार्डं आधी बसवायची, कारण कारखान्याची माणसं डोक्यावर उभी असायची, टेस्ट करायची, आणि मग संध्याकाळी, चहा घेता घेता, रिकाम्या खोक्यांवरून नंबर रिपोर्टात उतरवायचे. बसलेलं कार्ड नंबरासाठी पुन्हा काढायचं म्हणजे टेस्ट परत करा. चिरमुले सरांना हे ठाऊक होतं. ते स्वतः बारा वर्षं साइटवर होते. मला ही पद्धत त्यांनीच शिकवली होती.

खोक्यात काय होतं हे मला माहीत नव्हतं. खोक्यावर काय होतं एवढंच माहीत होतं. ते लिहिलं असतं तर अंकुशवरचा आरोप त्याच कागदावर ढिला पडला असता, आणि माझी सही खोटी ठरली असती. चार माणसांचा जीव ज्या कार्डांवर होता, ती न बघता सही करणारी इंजिनिअर म्हणून विमा कंपनीने, पोलिसांनी, सगळ्यांनी आधी मला धरलं असतं.

चार पस्तीसला मी रिपोर्ट लिहून संपवला. आकडा कुठे अडकला ते लिहिलं. बाजूचे नंबर काढलेले आहेत हे लिहिलं. लेबलखाली ‘लालसर पिवळा थर’ आढळला, तो या पॅनलमध्ये इतरत्र आढळला नाही, हेही लिहिलं. ते गाळलं नाही, याचं तेव्हा मला समाधान वाटलं. नंबर खोक्यावरून घेतले होते हे लिहिलं नाही.

फॅक्स गेला. मी कार्डं कापडी पिशवीत घातली.

“मॅडम,” अंकुश दारात उभा होता. “ती कार्डं हितंच ऱ्हाऊ द्या. सील करा, पंचनामा करा, काय बी करा. पन हितं.”

“कंपनीचा आदेश आहे. लॅबमध्ये तपासायचंय.”

“तुमच्याच लॅबमदी?”

“तिथेच सोय आहे.”

“मग एक पावती द्या. दोन कार्डं नेली म्हनून. आणि काय दिसलं ते लिवा. कुंकू म्हनून लिवा, थर-बिर नको.”

मी लॉगशीटच्या मागे लिहून दिलं. दोन कार्डं, हळद-कुंकू, तारीख, वेळ, सही. त्याने ते दोनदा वाचलं.

“एक विचारू?” तो म्हणाला. “त्या दिवशी, सप्टेंबरात, कार्डं बसवताना नंबर मी काय बघितला न्हवता. तुमी बघितला हुता?”

“अंकुश, मला बस गाठायचीय.”

“बरं,” तो म्हणाला. पिशवी स्टँडवर सोडणाऱ्या जीपपर्यंत त्यानेच नेऊन दिली.

लॅबचा अहवाल बावीस दिवसांनी आला. कार्डं जुनी, पृष्ठभागावर लाल किंवा पिवळा पदार्थ आढळला नाही. सोबत फोटो होते. त्यांतल्या कार्डांच्या पट्ट्या लख्ख होत्या. मी चिरमुले सरांना विचारलं, ही तीच कार्डं आहेत का? ते म्हणाले, “नंबर नाहीत ना त्यांच्यावर. तूच सांग.”

मार्चमध्ये कारखान्याने अंकुशला निलंबित केलं, ऑगस्टमध्ये बडतर्फ. चोरीचा गुन्हा नोंदवला गेला, पुराव्याअभावी पुढे सरकला नाही. पण बडतर्फी कायम राहिली. त्याने तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं आणि कामगार न्यायालयात दावा लावला. मी पुढच्या वर्षी कंपनी सोडली. कारण विचारलं तेव्हा लग्न असं सांगितलं.

२००९ च्या जुलैत अंकुशच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. जाणं मला बंधनकारक नव्हतं. मी गेले आणि खोक्यांचं सांगितलं.

कारखान्याच्या वकिलांनी एकच प्रश्न तीन वेळा विचारला. “म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत. मग आज खरं बोलताय हे कशावरून?”

तिसऱ्या वेळी न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं. बाहेर आल्यावर अंकुशने मला उसाचा रस पाजला. त्याचे केस पिकले होते.

“साडेतीन वर्सं लागली मॅडम,” तो म्हणाला.

“हो.”

“त्या दिवशी फोनवर बोलून तुमी खुर्चीत बसलावता ना, तवाच मला कळलं हुतं. मी काचंतनं बगत हुतो.”

“मग विचारलं का नाही?”

“विचारलं की. तुमाला बस गाठायची हुती.”

न्यायालयाने २०१३ मध्ये त्याला कामावर परत घ्या असा निकाल दिला. कारखाना वरच्या कोर्टात गेला, स्थगिती मिळाली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकरण फेरसुनावणीला खाली पाठवलं. मुख्य पुरावा असलेली दोन कार्डं कोर्टासमोर कधी आलीच नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. तोवर आमची कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली होती आणि चिरमुले सर निवृत्त झाले होते. कार्डं हजर करा, असं कोर्टाने नव्या मालकांना कळवलं. ती नाहीत, असं उत्तर आलं. कधीपासून नाहीत, ते स्टोअरच्या रजिस्टरवरून दाखवा, असं कोर्टाने पुन्हा कळवलं.

गेल्या वर्षी १७ ऑगस्टला दुपारी अंकुशचा फोन आला. तो मे महिन्यात अठ्ठावन्न वर्षांचा झाला होता. निकाल त्याच्या बाजूने लागला तरी आता पॅनलसमोर उभं राहायचं वय संपलं होतं. नावावरचा चोरीचा शब्द तेवढा निघाला असता.

“मॅडम, रजिस्टरचं पान आलं.”

“काय आहे त्यात?”

“वाचतो. इंग्रजीत हाय, मला लागतंय तसं सांगतो. मोड्यूल, दोन नग, आपल्या कारखान्यातनं आलेली. तपासली. साफ केली. लेबल नवं. चालू स्थितीत. रवाना, ९ मार्च २००६.”

लॅबचा अहवाल ३ मार्चचा होता.

“रवाना? कुठे?”

“पुढच्या रकान्यात पांढरं लावलंय.”

“उजेडावर धरून बघा. व्हाइटनरखालचं दिसतं कधी कधी.”

“झेरॉक्स हाय मॅडम,” तो म्हणाला.

मूळ रजिस्टर हजर करावं असा अर्ज त्याच्या वकिलांनी सप्टेंबरात दिला. कंपनीने दोनदा मुदत मागितली, दोन्ही वेळा ती मिळाली. ती दोन कार्डं कुठल्या मशीनवर आहेत, अजून चालू आहेत का, हे आजच्या तारखेपर्यंत कळलेलं नाही.